एका पित्याची लढाई आणि एका उत्तराची किंमत

अमेरिकेतील बंदूक नियंत्रणाच्या चळवळीला प्रतिष्ठा मिळवून देणारे पीट शील्ड्स १९९३ साली निवर्तले. मुलाच्या हत्येनंतर उभे आयुष्य या कामाला वाहणाऱ्या या माणसाची कहाणी एका शोकाकुल पित्याची तर आहेच, पण लोकांचा विश्वास कसा मिळतो आणि एका उत्तराने तो कसा डागाळतो, याचीही ती कहाणी आहे.

१६ एप्रिल १९७४ ची रात्र. सॅन फ्रान्सिस्को शहरातील एका शांत वस्तीत तेवीस वर्षांचा एक तरुण गालिचा नेण्यासाठी आला होता. गालिचा ठेवण्यासाठी गाडीत जागा करण्यात तो गुंतलेला असताना मागून आलेल्या एका अनोळखी माणसाने त्याच्या पाठीत गोळ्या झाडल्या. मारेकऱ्याची आणि त्याची ओळख नव्हती, वैर नव्हते. ऑक्टोबर १९७३ पासून या शहरात अशाच रीतीने, कोणतेही वैयक्तिक कारण नसताना, माणसे मारली जात होती. पोलिसांनी तपासासाठी बिनतारी यंत्रणेची झेड ही वाहिनी राखून ठेवली होती. तीवरून हे हत्याकांड झेब्रा हत्याकांड म्हणून ओळखले गेले. त्यात किमान १४ जणांचा बळी गेला. हा तरुण त्या मालिकेतील शेवटचा बळी. १९७६ साली चार आरोपींना जन्मठेप झाली.

या तरुणाचे वडील नेल्सन शील्ड्स खंडाच्या दुसऱ्या टोकाला, डेलावेअर राज्यात राहत होते. सारे त्यांना पीट म्हणत. ते ड्यू पाँ या बलाढ्य रसायन कंपनीत विपणन विभागात अधिकारी होते. राजकीय कल रिपब्लिकन पक्षाकडे, राहणी सुखवस्तू, वागणे मोजूनमापून. मोर्चे काढणाऱ्या, घोषणा देणाऱ्या पिढीशी त्यांचा काही संबंध नव्हता. नियतीचा खेळ असा, की ज्या कंपनीत त्यांची नोकरी होती ती १८०२ साली बंदुकीची दारू बनवण्यासाठीच स्थापन झालेली होती आणि १९३३ पासून रेमिंग्टन या नामांकित बंदूक कारखान्याची मालकीही तिच्याकडेच होती.

झेब्रा हत्याकांडाला वांशिक रंग होता. मारेकरी कृष्णवर्णीय आणि बळी बहुतांशी गोरे. त्यामुळे शहरात संशय आणि द्वेष धुमसत होता. मुलाला गमावलेल्या बापाला सूडाच्या भाषेत बोलणे सोपे होते आणि त्याला श्रोतेही भरपूर मिळाले असते. शील्ड्स यांनी ती वाट घेतली नाही. मारणाऱ्याच्या रंगाऐवजी त्यांनी त्याच्या हातातील वस्तूकडे पाहिले. खिशात मावणारे, सहज लपवता येणारे पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर, म्हणजे हँडगन, कोणाच्याही हाती इतक्या सहजतेने कसे पडते, या प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही.

हा प्रश्न भारतीय वाचकाला थोडा समजावून सांगायला हवा. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. शस्त्र हा अपवाद आहे आणि तो का हवा हे नागरिकाने पटवून द्यावे लागते. अमेरिकेत याच्या नेमके उलट आहे. १७९१ साली राज्यघटनेत समाविष्ट झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीमुळे शस्त्र बाळगणे हा असंख्य अमेरिकनांच्या दृष्टीने जन्मसिद्ध हक्क आहे. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांची हत्या टपालाने मागवलेल्या रायफलीने झाली, तरी कायदा कडक व्हायला पाच वर्षे लागली. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले, तेव्हा कुठे केंद्रीय बंदूक नियंत्रण कायदा संमत झाला. मात्र खरेदीदाराने अर्जावर लिहिलेली माहिती खरी आहे की खोटी, हे विक्रीपूर्वी तपासण्याची देशव्यापी सोय त्यात नव्हती. संतापाच्या लाटेवर उभ्या राहिलेल्या समित्या लाट ओसरताच विसर्जित झाल्या. दुसऱ्या बाजूला १८७१ साली स्थापन झालेली नॅशनल रायफल असोसिएशन होती. तिच्याकडे सभासद होते, पैसा होता आणि मुख्य म्हणजे सातत्य होते.

१९७४ साली मार्क बोरिन्स्की या तरुणाने वॉशिंग्टनमध्ये नॅशनल कौन्सिल टु कंट्रोल हँडगन्स ही छोटी संस्था काढली. शिकागोत शिकत असताना पिस्तुलाच्या धाकाने त्याला लुटण्यात आले होते. गुप्तहेर खात्यातून निवृत्त झालेले एड वेल्स त्याला येऊन मिळाले. १९७५ साली शील्ड्स यांनी ड्यू पाँमधून रजा घेतली आणि ते या संस्थेत दाखल झाले. पुढे नोकरी कायमची सोडून त्यांनी पूर्ण वेळ या कामाला वाहून घेतले. १९७८ साली ते संस्थेचे अध्यक्ष झाले.

शील्ड्स यांच्यापाशी दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे त्यांचे दुःख. संसदीय समितीपुढे साक्ष द्यायला ते उभे राहिले की त्यांना कोणी पुस्तकी पंडित म्हणू शकत नसे. दुसरी म्हणजे धंद्याची दृष्टी. बाजारात माल विकण्याचा अनुभव असलेल्या या माणसाला ठाऊक होते, की गिऱ्हाईक नसेल तर उत्तम मालही पडून राहतो. धर्मसंस्था, विचारवंत आणि वृत्तपत्रांचे अग्रलेख चळवळीच्या बाजूने होते. पण काँग्रेसच्या सदस्याला पत्र लिहिणारा, वर्गणी देणारा आणि मतदानाच्या दिवशी हाच प्रश्न ध्यानात ठेवणारा सामान्य माणूस तिच्याकडे नव्हता. रायफल असोसिएशनचे बळ नेमके त्याच माणसात होते. तो माणूस आपल्या बाजूने उभा करायचा, तर त्याला पटेल एवढेच मागितले पाहिजे, हा शील्ड्स यांच्या पुढील सर्व डावपेचांचा गाभा ठरला.

पण या निष्कर्षाला ते एकदम पोहोचले नाहीत. सुरुवातीच्या उत्साहात त्यांच्याकडून एक असे विधान होऊन गेले, जे त्यांच्या मृत्यूनंतरही चळवळीचा पाठलाग करीत राहिले.

जुलै १९७६ मध्ये न्यूयॉर्कर या साप्ताहिकात हँडगनच्या प्रश्नावर एक प्रदीर्घ लेख प्रसिद्ध झाला. त्यात शील्ड्स यांनी आपली योजना मोकळेपणाने उलगडून सांगितली. हे काम एकाच वेळी होणार नाही, टप्प्याटप्प्याने करावे लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. आधी पिस्तुलांच्या उत्पादनाचा आणि विक्रीचा वेग कमी करायचा, मग असलेल्या पिस्तुलांची नोंदणी करायची आणि अखेरीस सैन्य, पोलीस, परवानाधारक सुरक्षारक्षक, क्रीडामंडळे व संग्राहक वगळता इतरांना पिस्तूल व काडतुसे बाळगणे बेकायदा ठरवायचे.

त्या काळात हा विचार जगावेगळा नव्हता. १९७६ सालीच राजधानी वॉशिंग्टनने नव्या हँडगनवर बंदी घालणारा कायदा केला. १९७४ साली चर्चच्या पुढाकाराने निघालेल्या एका दुसऱ्या संघटनेचे तर नावच नॅशनल कोअॅलिशन टु बॅन हँडगन्स असे होते. परंतु शील्ड्स यांच्या उत्तरातील पायऱ्यांचा क्रम विरोधकांना आयताच मिळाला. नोंदणी ही जप्तीची पहिली पायरी आहे, असे रायफल असोसिएशन आधीपासून सांगत होती. आता तिला स्वतःचे काहीच सांगावे लागले नाही. चळवळीच्या नेत्याचे उत्तर पुढे केले की काम भागत होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात हँडगन बंदीवर सार्वमत झाले. उदारमतवादी म्हणून नावाजलेल्या या राज्यातही दोनतृतीयांशांहून अधिक मतदारांनी बंदी फेटाळली. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, सिनसिनाटी येथील रायफल असोसिएशनच्या अधिवेशनात कडव्या सभासदांनी मवाळ नेतृत्वाला खाली खेचले आणि ही नेमबाजांची संघटना पुरती राजकीय झाली. आता प्रतिपक्ष तडजोडीला तयार होणार नव्हता.

शील्ड्स यांनी या पराभवांतून धडा घेतला. बंदीची मागणी हळूहळू मागे पडली. १९८० साली संस्थेचे नाव बदलून हँडगन कंट्रोल इन्कॉर्पोरेटेड झाले. बंदीवाद्यांपासूनचे अंतर आता स्पष्ट झाले. शिकाऱ्यांच्या लांब नळीच्या बंदुकांना हात लावायचा नाही, सज्जन नागरिकाचे पिस्तूल काढून घ्यायचे नाही. गुन्हेगार, मनोरुग्ण आणि अल्पवयीन यांच्या हाती ते पडू नये, एवढेच पाहायचे, अशी नवी भूमिका ठरली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून त्यांनी ती विस्ताराने मांडली.

मग १९७६ चे उत्तर खोटे होते की नंतरची भूमिका? टीकाकार म्हणत, ध्येय तेच आहे, फक्त ते आता बोलून दाखवले जात नाही. पाठीराखे म्हणत, माणूस अनुभवाने शहाणा होतो. शील्ड्स यांच्या पुढील सुमारे तेरा वर्षांच्या कामाकडे पाहिले तर दुसरा अर्थ अधिक पटतो. त्यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने आपला मुख्य भर विक्रीवरील नियमांवरच ठेवला. तरीही आपले मत बदलले आहे, ते का बदलले आणि आता सीमा कोणती, हे विरोधकाच्या मनात शंका उरणार नाही इतक्या ठळकपणे लोकांपुढे आले नाही. ज्याचा उच्चार झाला होता त्याचा स्वच्छ हिशेब न दिल्यामुळे मौनालाच लबाडीचा वास येऊ लागला.

त्या पुस्तकातील आणखी एका सल्ल्याने वाद पेटला. हल्लेखोर समोर आल्यास प्रतिकार न करता मागेल ते द्यावे किंवा पळून जावे, त्यातच जीव वाचण्याची शक्यता अधिक, असे त्यांनी सुचवले होते. जबरी चोरीच्या प्रसंगी अनेक पोलीस अधिकारीही असाच सल्ला देतात. पण एकट्यादुकट्या स्त्रीवर हल्ला झाला तर तिने काय करावे, असा प्रतिप्रश्न आला आणि त्याला या सल्ल्यात समाधानकारक उत्तर नव्हते. स्वसंरक्षणाची भीती हीच पिस्तूल खरेदीमागची सर्वांत मोठी प्रेरणा होती आणि तिथेच चळवळ ऐकणाऱ्याच्या मनाला भिडू शकली नाही.

८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये गायक जॉन लेनन यांची हत्या झाली. मारेकऱ्याने रिव्हॉल्व्हर होनोलुलूच्या दुकानातून कायदेशीररीत्या विकत घेतले होते. ३० मार्च १९८१ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळीबार झाला; ते बचावले, पण त्यांचे प्रसिद्धिसचिव जेम्स ब्रॅडी यांच्या डोक्यात गोळी लागून ते कायमचे अपंग झाले. ते रिव्हॉल्व्हर डॅलसमधील एका गहाणवटीच्या दुकानातून घेतलेले होते. वर्गणीचा आणि पत्रांचा ओघ शील्ड्स यांच्या कार्यालयाकडे सुरू झाला.

याच काळात संस्थेचे एक भित्तिपत्रक गाजले. त्यावर अमेरिकेच्या राष्ट्रध्वजाच्या रंगांत रंगवलेले रिव्हॉल्व्हर होते आणि वेगवेगळ्या देशांत एका वर्षात हँडगनने घेतलेल्या बळींचे आकडे दिले होते. जपान ४८, ब्रिटन ८ आणि अमेरिका १०,७२८. पाहणारा क्षणभर स्तब्ध होई. पण टीकाकारांनी लगेच बोट ठेवले, की या देशांची लोकसंख्या सारखी नाही, मग नुसते आकडे शेजारी मांडण्यात काय अर्थ? आक्षेप रास्त होता. गंमत अशी, की हिशेब नीट मांडला असता तरी चळवळीचे काहीच बिघडले नसते. अमेरिकेची लोकसंख्या तेव्हा सुमारे साडेबावीस कोटी आणि ब्रिटनची साडेपाच कोटींच्या आसपास होती. म्हणजे दर लाखामागे तुलना केली तरी फरक तीनशे पटींहून अधिकच भरतो. सत्य एवढे बोलके असताना त्याला भडक करण्याची गरज नव्हती. भडक केल्यामुळे मात्र त्यावर शंका घेण्याची सोय झाली.

आकड्यांच्या वापरातील हा दोष एकट्या शील्ड्स यांच्या संस्थेचा नव्हता. १९८६ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात सिअॅटल परिसरातील मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरातील बंदुकीने स्वसंरक्षणार्थ झालेल्या प्रत्येक हत्येमागे आत्महत्या, खून व अपघात मिळून ४३ मृत्यू झाल्याचे त्यात आढळले. नियंत्रणवाद्यांनी हा आकडा गावोगाव नेला. त्या ४३ पैकी ३७ आत्महत्या होत्या, ही गोष्ट मात्र प्रचारात मागे राहिली. शिवाय हल्लेखोर नुसत्या बंदुकीच्या दर्शनाने पळाला, असे प्रसंग या मोजणीत येत नव्हते. १९८८ साली चळवळीतीलच जॉश शुगरमन या कार्यकर्त्याने लष्करी धाटणीच्या बंदुकांवर एक पुस्तिका लिहिली. या बंदुका आणि खऱ्या मशिनगन यांतील फरक सामान्यांना कळत नाही आणि तो गोंधळ निर्बंधांसाठी जनमत मिळवायला उपयोगी पडेल, असे तीत सुचवलेले होते. विरोधकांनी तीही जपून ठेवली. लोकांच्या अज्ञानावर भिस्त ठेवणारी चळवळ लोकांचा विश्वास फार काळ टिकवू शकत नाही.

नोव्हेंबर १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात हँडगनची नोंदणी आणि त्यांची संख्या गोठवण्याच्या प्रस्तावावर सार्वमत झाले. सुरुवातीच्या पाहण्यांत बहुमत अनुकूल होते. प्रत्यक्षात सुमारे ६३ टक्के मते विरोधात पडली. गोठवणे म्हणजे पुढे काढून घेणे, ही भीती घराघरांत पोहोचवण्यात विरोधक यशस्वी झाले होते.

यानंतरच्या डावपेचांत शील्ड्स यांच्या व्यवहारी बुद्धीचा खरा प्रत्यय येतो. आपला शब्द संशयास्पद ठरवला जातो आहे, तर ज्याच्या शब्दावर संशय घेणे कठीण, त्याला सोबत घ्यावे. असा घटक होता पोलिसांचा. चिलखत भेदणाऱ्या काडतुसांचा प्रश्न पोलिसांच्या जिवाशी निगडित होता. त्यावर रायफल असोसिएशनने आडमुठी भूमिका घेतल्याने तिचे जुने मित्र असलेले पोलीस दुखावले. १९८६ साली या काडतुसांवर केंद्रीय निर्बंध आले. त्याच वर्षी १९६८ चा कायदा सैल करणारे विधेयक संमत झाले खरे. पण पोलीस संघटना गणवेशात त्याविरुद्ध उभ्या राहिल्यामुळे त्यातील काही तरतुदी सौम्य झाल्या आणि नव्या मशिनगन नागरिकांना विकण्यावर बंदीही त्यातच आली.

दुसरा विश्वासू आवाज होता जेम्स ब्रॅडी यांच्या पत्नी सारा यांचा. त्या रिपब्लिकन घराण्यातल्या. १९८० च्या दशकाच्या मध्यास त्या संस्थेच्या कामात आल्या. १९८७ साली त्यांच्या पतीच्या नावाने ओळखले गेलेले विधेयक मांडले गेले. मागणी अगदी मर्यादित होती: हँडगन विकत घेणाऱ्याने काही दिवस थांबावे आणि दरम्यान त्याची पार्श्वभूमी तपासली जावी. १९८८ साली प्रतिनिधिगृहात ते पडले. १९८९ साली शील्ड्स यांनी अध्यक्षपद सारा ब्रॅडी यांच्याकडे सोपवले. १९९१ साली माजी अध्यक्ष रेगन यांनी विधेयकाला जाहीर पाठिंबा दिला, तेव्हा वारा फिरू लागला.

फळ हाती येताना पाहायला मात्र शील्ड्स राहिले नाहीत. १९९३ च्या आरंभी त्यांचे निधन झाले. ३० नोव्हेंबर १९९३ रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ब्रॅडी कायद्यावर स्वाक्षरी केली. ड्यू पाँ कंपनीने रेमिंग्टन कारखाना विकला, तेही याच वर्षी.

या कायद्याने पुढे लाखो अपात्र खरेदीदारांना दुकानातून परत पाठवले. तरीही २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासात खुनांच्या प्रमाणात कायद्यामुळे घट झाल्याचे आढळले नाही. ५५ वर्षांवरील व्यक्तींच्या बंदुकीने केलेल्या आत्महत्या तेवढ्या कमी झाल्या होत्या. खासगी व्यक्तींमधील विक्री कायद्याबाहेर राहिली, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. चळवळीने हे निष्कर्ष दडवण्यापेक्षा त्यांच्या आधारे त्रुटी दाखवणे, हाच विश्वास टिकवण्याचा मार्ग होता.

२००१ साली संस्थेने ब्रॅडी दांपत्याचे नाव धारण केले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टनची १९७६ ची बंदी रद्द ठरवली आणि घरात स्वसंरक्षणासाठी हँडगन ठेवणे हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क असल्याचा निर्णय दिला. शील्ड्स यांनी १९७६ साली सांगितलेली शेवटची पायरी त्यामुळे कायद्यानेच अशक्य झाली. तरी ते जुने उत्तर वादविवादांत उद्धृत होतच राहिले. विश्वासार्हतेचा प्रश्न एकाच बाजूचा नाही, हेही काळाने दाखवले. रायफल असोसिएशनचे अनेक वर्षे नेतृत्व करणाऱ्या वेन लापिएर यांना संस्थेच्या पैशाच्या गैरवापराबद्दल २०२४ साली न्यूयॉर्कमधील ज्यूरीने जबाबदार ठरवले.

पीट शील्ड्स यांनी चळवळीला शिस्त दिली, सामान्य माणसाचे पाठबळ दिले आणि संतापाच्या लाटेनंतरही टिकणारी संस्था दिली. त्यांच्या दुःखाबद्दल कट्टर विरोधकांनीही शंका घेतली नाही. शंका घेतली गेली ती हेतूबद्दल. अमेरिकेतील बंदुकीच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी कितीही आकडे मांडले गेले, तरी भांडणाच्या मुळाशी हाच अविश्वास आहे: आज एवढे दिले तर उद्या किती मागाल? शील्ड्स यांनी १९७६ साली या प्रश्नाचे सरळ उत्तर दिले आणि मग तेरा वर्षे आपल्या कृतीने वेगळे उत्तर दिले. लोकांच्या लक्षात पहिलेच राहिले. समाजाकडून मोठा बदल मागणाऱ्या कोणत्याही चळवळीने पहिले पाऊल टाकण्याआधी आपला शेवटचा मुक्काम स्वतःशी ठरवावा आणि तो बदलला तर तेही तितक्याच मोठ्या आवाजात सांगावे, हे या सज्जन माणसाच्या आयुष्याने शिकवले आहे.